पॅलिओचं इंजिन बोरिंगला दिलं, परत आलं ते दुसऱ्याच गाडीचं

रात्रीचे साडेअकरा झाले होते. पोरीच्या कंपासमधली पेन्सिल, तिच्याच वहीचं फाडलेलं पान, आणि इंजिन ब्लॉकवर (सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागावर) नंबर ठोकलेला असतो ती सपाट पट्टी. पट्टी थिनरने पुसली, कागद दाबून धरला आणि पेन्सिल आडवी घासायला लागलो. आरटीओत पासिंगच्या वेळी चेसिस नंबरची छाप घेतात, अगदी तशीच. एकेक आकडा उमटत गेला. दुसऱ्या हातात आरसी होती. सुरुवातीचे आकडे इंजिनच्या मॉडेलचे असतात, ते जुळले. पुढचा एकही जुळेना.

दोनदा छाप घेतली. मग पोर्चच्या पायरीवर बसून राहिलो.

गाडी म्हणजे २००३ ची फियाट पॅलिओ १.६. १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, जवळपास १०० हॉर्सपॉवर. आज हा आकडा ऐकून कोणी मान वळवणार नाही, पण २००१ साली ही गाडी आली तेव्हा आमच्या घरी मारुती ८०० होती, ३७ हॉर्सपॉवरची. सचिन तेंडुलकर पॅलिओच्या जाहिरातीत होता आणि मी कॉलेजात. तेव्हाच ठरवलं होतं. प्रत्यक्षात घ्यायला वीस वर्षं लागली. वर्ध्याच्या एका मास्तरांकडून घेतली, एमएच ३२ पासिंग, पंधरा वर्षांनंतरचं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण व्यवस्थित केलेलं, २०२८ पर्यंत वैध.

मी वीज कंपनीत नोकरी करतो, मेकॅनिक नाही. पण नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या घराच्या पोर्चमध्ये या गाडीचे सस्पेन्शनचे बुश, ब्रेक, क्लच प्लेट, रेडिएटर, सगळं मी स्वतःच्या हाताने केलंय. गेल्या हिवाळ्यात धूर वाढला म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं. एक, दोन आणि चार नंबरचे सिलिंडर १६० पीएसआयच्या आसपास, तिसरा १०५. तिसऱ्यात स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा तपासलं तर आकडा १४० वर गेला. ऑइलने रिंगांची फट भरली आणि दाब वाढला, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, पिस्टनच्या रिंगा गेल्या. भाच्याला बोलावलं, चेन पुली लावली आणि एका रविवारी इंजिन बाहेर काढलं. इथपर्यंत सगळं घरचं. पण बोरिंग, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून पुन्हा गोल करणं, घरी होत नाही, त्याला मशीन लागते.

साधा रस्ता होता. कुठल्याही जुन्या बोरिंगवाल्याकडे ब्लॉक न्यायचा, सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठे (०.५० ओव्हरसाइज) करायचे, पिस्टन-रिंग घ्यायच्या, परत यायचं. पण इंजिन उघडलंच आहे तर थोडं 'काम' करून घेऊ, हा किडा डोक्यात शिरला. हौसेला मोल नसतं म्हणतात. गाड्यांची ताकद वाढवून देणाऱ्या ट्यूनर लोकांकडे असतं, आणि ते समोरच्याचं तोंड पाहून ठरतं.

एका ओळखीच्याने नाव सुचवलं. शहराच्या कडेला टिनाचं शेड, भिंतभर स्टिकर, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक जुना टर्बो. माणूस तिशीतला, बोलायला गोड. मी इंजिन स्वतः काढलं हे कळल्यावर म्हणाला, "तुमच्या हाताले काम आहे भाऊ. अशी पार्टी मले भेटतच नाही." तिसऱ्या मिनिटाला चहा आला आणि पाचव्या मिनिटाला मी त्याच्या घरचा झालो.

त्याचा हिशेब असा: इटलीचे फोर्ज्ड (ओतण्याऐवजी दाबून घडवलेले) पिस्टन ६२ हजार, बोरिंग आणि हेडचं पोर्टिंग (हवेच्या वाटा घासून मोठ्या करणं) ३८ हजार, ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, रीमॅप (त्यातली सेटिंग बदलणं) २५ हजार, गॅस्केट, बेअरिंग, किरकोळ धरून १५ हजार. एकूण १ लाख ४० हजार. १०० हॉर्सपॉवरचे १२५ होतील, रेव्ह लिमिट (इंजिनच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) वाढवून देतो. आता खरं सांगतो, मला माहीत होतं. टर्बो गाडीला रीमॅपने भरपूर ताकद वाढते कारण टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, वाढवता येतो. बिनटर्बोच्या इंजिनात हवा जेवढी जाते तेवढीच जाते, नुसत्या रीमॅपने शेकड्यात दोन-चार हॉर्सपॉवर मिळाले तरी नशीब. पोर्टिंगने आणखी थोडे मिळतात, पण त्याच्यासोबत व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट बदलावा लागतो, आणि कॅमचं तर त्याने नावच काढलं नव्हतं. शिवाय रस्त्यावर चालणाऱ्या बिनटर्बोच्या इंजिनाला फोर्ज्ड पिस्टनची गरजच नसते. हे सगळं ठाऊक असून मी मान डोलावत होतो.

अॅडव्हान्स ९० हजार. त्यातले ३० रोख, ६० स्कॅन करून. स्कॅनवर एका बाईचं नाव आलं. "बहिणीचं खातं आहे भाऊ, माझं लिमिट संपलं." बरं. पावती? "काम झालं की एकदमच पक्कं बिल देतो, जीएसटीवालं." बरं.

आणि मग ती गोष्ट, जी आजही टोचते. माझ्या डिकीत सेंटर पंच (धातूवर ठिपका ठोकायचं टोकदार हत्यार) होता. ब्लॉकवर, हेडवर, क्रँकवर ओळखीसाठी एकेक ठिपका मारायचा आणि फोटो काढायचे, असं घरून ठरवूनच निघालो होतो. त्याची पोरं ब्लॉक उतरवत होती, तो स्वतः वाकून हात लावत होता. त्या क्षणी पंच-हातोडी काढणं म्हणजे पाहुण्यासमोर कपाटाला कुलूप लावण्यासारखं वाटलं. पंच डिकीतच राहिला. फोटोही तसेच, लांबून काढलेले, नंबरचा एकही नाही.

अकरा आठवडे गेले. पार्सल कस्टममध्ये अडकलंय, मग सुटलं, मग मुंबईत आहे. परदेशातून कुरिअरने माल येतो तेव्हा त्याला ट्रॅकिंग नंबर असतो, ड्युटी भरल्याचा कागद असतो. मी एकदा मागितला. "व्हॉट्सॲपवर टाकतो" म्हणाला. टाकला नाही. मी दुसऱ्यांदा मागितला नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इंजिन आलं. पारा ४५ वर, दुपारी बाराला पान्हा हातात धरवत नाही असे दिवस. इंजिन पूर्ण बांधून आलं होतं, हेड बसवलेलं, खाली संप (ऑइलचं भांडं) लावून सिलिकॉन फासलेलं. "उन्हात तुम्हाले त्रास नको म्हणून पूर्णच करून देल्लं." मी चक्क आभार मानले. उरलेले ५० हजार दिले. पिस्टन कसे आहेत, बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) कसा आहे, हे बघायला आता सगळं पुन्हा खोलावं लागणार होतं, आणि त्याला नेमकं तेच नको होतं, हे तेव्हा सुचलं नाही.

तीन रात्री जागून गाडीत बसवलं. सुरू झालं. थंड असताना टकटक आवाज. फोन केला. "फोर्ज्डचा आवाज असतेच भाऊ." आणि हे अर्धं खरं आहे. फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात म्हणून त्यांना बोअरमध्ये जागा जास्त ठेवतात, त्यामुळे थंड इंजिनात ते थोडे वाजतात. पण गरम झाल्यावर आवाज जातो. माझा जात नव्हता. रेव्ह लिमिटही पूर्वीच्याच आकड्यावर तोडत होतं. ईसीयू त्याच्या शेडमध्ये आठ दिवस पडून होता, बहुधा नुसताच पडून. मूळ फाइल आणि बदललेली फाइल, दोन्ही मागून घ्यायच्या असतात. मी एकही मागितली नव्हती.

चारशे किलोमीटरमध्ये लिटरभर ऑइल संपलं आणि मागून निळा धूर. मग संप खोलला, हेड उचललं, तिसरा पिस्टन बाहेर ढकलला. उलटा करून पाहिला तर आतल्या बाजूला साच्याच्या जोडाची रेघ स्पष्ट दिसत होती. फोर्ज्ड पिस्टनला तशी रेघ नसते. खात्री करायला फ्रिजवरचं शेगावच्या गजानन महाराजांचं चुंबक आणलं (हात धुऊन, बायकोची परवानगी काढून) आणि पिस्टनच्या आत टेकवलं. टक्कन चिकटलं. फोर्ज्ड पिस्टन म्हणजे निव्वळ अॅल्युमिनियमचा मिश्रधातू, त्याला चुंबक धरत नाही. जुन्या पद्धतीच्या काही कास्ट (ओतीव) पिस्टनच्या आत पोलादी पट्टी ओतलेली असते, तिला धरतं. ६२ हजारांचा इटलीचा माल माझ्या हातात महाराजांना घेऊन लोंबकळत होता.

मग बोअर पाहिला. वरच्या कडेला नख अडकलं. वर्षानुवर्षं रिंग घासून जी धार तयार होते ती तिथे जशीच्या तशी होती. बोरिंग केलं असतं तर ही धार राहूच शकत नाही. कास्ट पिस्टन आणि बोअरमध्ये ०.०५ मिलिमीटरच्या आत-बाहेर फट असायला हवी, इथे ०.२० चा फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आरामात जात होता. पण माझा ब्लॉक इतका झिजलेला नव्हता. आधीच्या मालकाने अल्टरनेटरच्या ब्रॅकेटजवळ पिवळ्या रंगाचा फराटा मारला होता, तोही दिसेना. धुतला असेल म्हणून मनाची समजूत घातली, आणि तरी पेन्सिल आणायला आत गेलो.

दुसऱ्या दिवशी शेडवर. पिस्टनवर त्याचं म्हणणं, "सप्लायरनं फसवलं भाऊ, मी तरी का करू?" नंबरवर मात्र तो हसला. "आरटीओत कोण पाहते भाऊ नंबर? माह्याकडे गोंधळ झाला असन, पोट्ट्यानं अदलाबदल केली असन." मग माझा ब्लॉक दे. तो नाही. कुठे गेला? माहीत नाही. आवाज चढला तसं भाऊ गेलं आणि साहेब आलं. "साहेब, तुम्ही तर गाडी मॉडिफाय करत होते ना? ते तरी कुठी कायद्यात बसते?"

हे वाक्य त्याने बऱ्याच जणांना ऐकवलं असणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद लागते. म्हणजे गिऱ्हाईक स्वतःच दबकत असतं, पोलिसात जाणार नाही, याच भरवशावर त्याचा धंदा उभा आहे. मीही चार दिवस गेलो नाही. पण मग दुसरी भीती वाटायला लागली. माझ्या पोर्चमध्ये जो ब्लॉक पडलाय तो कोणाचा? चोरीच्या गाडीचा असला तर?

घरी आई एवढंच म्हणाली, "भीड भिकेची बहीण असते बाबा. लहानपणी दुकानदाराकडून सुट्टे पैसे मोजून आणत नव्हतास, तसाच राहिलास."

पाचव्या दिवशी ठाण्यात गेलो. लेखी अर्ज दिला, फसवणुकीचं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यात लिहिलं, अनोळखी इंजिन नंबर स्वतःहून कळवला, पेन्सिलची छाप जोडली आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. हवालदाराने पहिला प्रश्न विचारला, "बिल आहे का?" नव्हतं. यूपीआयची नोंद ६० हजारांची, तीही बाईच्या नावाची. उरलेले ३० आणि ५०, दोन्ही रोख, कुठेच नाहीत. व्हॉट्सॲपवर "पिस्टन आले भाऊ, इटलीवाले" एवढा एक मेसेज होता, तोच शेवटी कामाला आला. वकिलाची नोटीस गेल्यावर त्याने ३५ हजार परत पाठवले, 'उसने' असं लिहून. उरलेल्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तारखा पडताहेत. ब्लॉकची चौकशी वेगळी चालू आहे, म्हणून तो पोर्चमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवलाय. त्याला हात लावायचा नाही.

दुसरा ब्लॉक मिळवायला चार महिने गेले. मालकाच्या आरसीची प्रत, विक्रीची पावती, सगळे कागद घेतले, आरटीओत इंजिन बदलाचा अर्ज दिला आणि तो घेऊन इतवारीतल्या एका म्हाताऱ्या बोरिंगवाल्याकडे गेलो. स्टिकर नाही, चहा नाही. माझी हकीकत त्यांनी मशीन पुसत पुसत ऐकली. माझा ब्लॉक गेला कुठे असेल, असं विचारलं तर म्हणाले, "एक तर बोअर त्यानं वाकडा मारला असन. नाही तं विकला. बंद पडलेल्या गाडीचा चांगला ब्लॉक म्हंजे सोनं हाय, पिस्टन तं कोणीबी देते."

मग ड्रॉवरमधून सेंटर पंच काढून माझ्या हातात दिला. "नंबर लिहून घेतला ना? आता तुमच्याच हातानं मारा." मी मारला. पहिला ठोका घसरला, दुसरा नीट बसला. त्यांनी ब्लॉक आडवा केला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "खालून बी एक मारा."