विंडोज ११ टाकण्याआधी: फाइल कॉपी, इमेज की क्लोन?

ब्रँडेड पीसीत कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन असतं. वाट लागलीच तर मशीन निदान नवं होतं तसं परत करता येतं. असेंबल्ड पीसीत ती सोय नाही. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून ११ टाकायची घाई सगळ्यांनाच आहे. नुसता सेटअप चालवून काम भागत नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग) टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करावी लागते (इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावाने सापडेल, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम), सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करायची सोय, बंद करावी लागते आणि जुन्या मशीनवर डिस्कची पार्टिशनची मांडणी जुन्या एमबीआरची नव्या जीपीटीची करावी लागते. गाडी बहुतेक वेळा याच टप्प्यावर अडते.

म्हणून आधी बॅकअप. तो कोणत्या पद्धतीने घ्यायचा हे ठरवताना डेटा किती जीबी आहे हा प्रश्न नंतरचा. पुन्हा इन्स्टॉल करता येणार नाही असं मशीनमध्ये काय आहे, ते आधी पाहा.

फाइल कॉपी. फोटो, वर्ड-एक्सेल आणि ब्राउझर, एवढाच वापर असेल तर हीच पद्धत पुरेशी आहे. यूएसबी ३ च्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ३०० जीबी साधारण तासाभरात जातं. बारीक फायली खूप असतील तर जास्त वेळ धरा. तेच यूएसबी २ वर अडीच-तीन तास. स्पीड येत नसेल तर कॅबिनेट उघडून बघा. पुढच्या निळ्या पोर्टची जाड, १९ पिनांची वायर असेंबल करणाऱ्याने बोर्डाला जोडलेलीच नसते, असं बऱ्याचदा दिसतं. मागच्या निळ्या पोर्टला लावा आणि मोकळे व्हा. डिस्क एफएटी ३२ मध्ये फॉरमॅट असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जाणार नाही; एनटीएफएस करून घ्या.

यात मार कुठे बसतो? टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये असेलच असं नाही. कंपनी सिलेक्ट करायच्या स्क्रीनवर त्याचा पाथ दिसतो, तो फोल्डर उचला. लग्नपत्रिका, बॅनर करणाऱ्या डीटीपीवाल्यांनी जुने मराठी फॉन्ट वेगळे काढून ठेवावेत, नाहीतर फाइल उघडेल पण मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं दिसतील. नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधल्या मशीनवर जुनं कॅड सॉफ्टवेअर असेल आणि त्याची सीडी हरवली असेल, तर फाइल कॉपीच्या भरवशावर राहू नका.

इमेज. म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंगसकट सगळ्या डिस्कची एक मोठी फाइल. इमेज घेणाऱ्या मॅक्रियम या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती बंद झाली. क्लोनझिला आणि त्याच्यापेक्षा सोपं रेस्क्यूझिला मात्र फुकट आहेत. दोन्ही पेनड्राइव्हवरून बूट होतात. क्लोनझिलाची इमेज परत टाकताना डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान चालत नाही. ५०० जीबीच्या डिस्कची इमेज २४० च्या एसएसडीवर जाणार नाही, आत माल कितीही कमी असो. इमेज झाल्यावर तपासणीचा पर्याय चालवा. अर्धवट इमेज आहे हे अपग्रेड फसल्यावर कळून उपयोग नाही.

क्लोन. म्हणजे एका डिस्कची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी, थेट बूट होणारी नक्कल. डिस्क चार-पाच वर्षं जुनी असेल तर आमचं मत सरळ आहे: नवी एसएसडी घ्या, क्लोन करा, अपग्रेड नव्या डिस्कवर करा आणि जुनी काढून कपाटात ठेवा. अपग्रेड फसलं तर बायोसमधले बदल पूर्ववत करून जुनी केबल लावायची, पाच मिनिटांत काम सुरू. इमेज परत टाकण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

दोन गोष्टी सांभाळा. क्लोननंतर पहिलं बूट जुनी डिस्क सोडवूनच करा. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर कोणत्या डिस्कवरून चालू झालं ते समजत नाही. दुसरं, बऱ्याच बोर्डांवर एम डॉट टू स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बोर्डावर बसते तो) भरला की एक-दोन साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची केबल लागते ते, बंद पडतात. डेटाची हार्ड डिस्क अचानक गायब झाली तर घाबरू नका, मॅन्युअल पाहून केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

क्लाउडचा विचार फक्त महत्त्वाच्या कागदांपुरता करा. गुगलची १५ जीबी आणि वनड्राइव्हची ५ जीबी जागा फुकट आहे. ५० एमबीपीएस अपलोडने ५०० जीबी चढवायला बावीस तासांच्या वर लागतील.

कोणतीही पद्धत निवडली तरी आधी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा. विंडोज एसएसडीवर आहे, पण ‘सिस्टम रिझर्व्ह्ड’ हे बूटसाठी लागणारं छोटं पार्टिशन हार्ड डिस्कवर बसलंय, असं असेंबल्ड मशीनमध्ये हमखास सापडतं. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या, त्याचा हा परिणाम. अशा वेळी नुसत्या एसएसडीचा क्लोन बूट होत नाही; इमेज घेतानाही दोन्ही डिस्क घ्या. ई ड्राइव्हभोवती हिरवी चौकट दिसली तर ते एक्स्टेंडेड पार्टिशन आहे, आणि मायक्रोसॉफ्टचं जीपीटी करणारं टूल अशी डिस्क नाकारतं. ई चा माल बाहेर काढून ते पार्टिशन उडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बायोस अपडेटने टीपीएम रीसेट झालं की तीच मागितली जाते. महावितरणचा वीज बंदचा मेसेज आला असेल त्या दिवशी, किंवा यूपीएसची बॅटरी उतरलेली असताना, डिस्कचं काम काढू नका.

अपग्रेडनंतर दहा दिवस ‘गो बॅक’, म्हणजे जुन्या विंडोजवर परतायचं बटण, मिळतं, पण जुनं विंडोज त्याच डिस्कवर असतं, म्हणून त्याला बॅकअप धरू नका. प्रिंटर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, टॅली आणि एक ई-वे बिल, एवढं नव्या विंडोजवर एकदा चालवून बघा. तोवर जुनी डिस्क फॉरमॅट करू नका.