रानात हाती न लागणारं तट्टू: तोबरा, मागे चालणं की गळ्यात दावं?

सारंगखेड्याच्या यात्रेत आपण तट्टू बघतो ते दावणीला. अगाडी-पिछाडी ठोकलेली, पुढ्यात कडबा, विकणारा मानेवरून हात फिरवत उभा. जनावर अगदी गरीब वाटतं. मोकळ्या रानात हे हाती लागतं का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. मलाही सुचलं नाही. लहानखुरी घोडी घरी आणली, आठवड्याने पडीकात सोडली आणि संध्याकाळी आणायला गेलो तर बाईसाहेब शेपूट उभारून नाल्यापलीकडे. अंधार पडेपर्यंत मी आणि धाकटा भाऊ धावलो. शेवटी तो म्हणाला, "राहू दे दादा, भूक लागली की येईल." डिसेंबरात बांधावर गुडघाभर गवत, ती कशाला येते!

अशा वेळी लोक तीनच उपाय सांगतात. मी तिन्ही करून पाहिले.

तोबऱ्याने, म्हणजे दाण्याच्या पिशवीने, काम सर्वांत लवकर होतं. भिजवलेले मूठभर हरभरे किंवा गुळाचा खडा घेऊन गेलात तर पहिल्याच दिवशी जनावर जवळ येतं. तोंड तोबऱ्यात असताना आधी मानेवरून दावं टाकायचं, मोरखी, म्हणजे तोंडावर घालायची दोरी, नंतर. मोरखी पाठीमागे लपवून जाऊ नका, त्याला ती दिसते आणि तुमची चोरटी चालही कळते. पण दोन आठवड्यांत आमची घोडी हरभरे खाऊन मान फिरवायला शिकली. मग खुराक वाढवावासा वाटतो, आणि तिथेच चूक होते. दाणा जास्त झाला की पोटशूळ उठतो, खुरांना सूज येऊन जनावर कायमचं लंगडंही होऊ शकतं. रानात दुसरी घोडी असेल तर तोबरा नेऊच नका. दोघींच्या भांडणात लाथ तुम्हाला बसेल.

गळ्यात लांब दावं सोडून द्या किंवा पायबंद घाला, हा पारावरचा आवडता सल्ला. मला तो पटत नाही. आपल्याकडे रान म्हणजे बाभळी, आणि कपाशी काढल्यावर मागे राहिलेले खुंट. दावं त्यात अडकलं की घोडी बिथरून ओढते. नायलॉन तुटत नाही, मग कातडी सोलते किंवा पाय मोडतो. सोडायचंच तर सुती, चार हातांचं सोडा आणि नजर हटवू नका. पायबंद घातलेली घोडी उड्या मारत पळायला शिकते, ते वेगळंच. शिवाय दावं काढलं की गाडी पुन्हा मूळ पदावर, कारण त्यातून ती काहीच शिकलेली नसते.

राहिलं मागे चालणं. यात कष्ट जास्त, पण मी यालाच कौल देईन. घोड्याचे डोळे बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त नाकासमोरचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या रोखाने, डोळ्यांत न बघता, सावकाश चालायचं. ती पळाली तरी आपण पळायचं नाही. ती थांबून तोंड तुमच्याकडे वळवते, त्याच क्षणी तुम्हीही थांबा, पाठ फिरवा, दोन पावलं मागे या. ती उसंत तिच्यासाठी बक्षीस असते. मला पहिल्या दिवशी दोन तास लागले, पाचव्या दिवशी वीस मिनिटं. मात्र दहा एकरांत हे जमणार नाही. बांबू-दोरीने कोपरा अडवून घ्या. उन्हाळ्यात करत असाल तर आठच्या आत आटपा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांत घोडीचाच काय, तुमचाही पाय मुरगळेल.

म्हणजे यात्रेतून आणलेलं, माणसाला बिचकणारं जनावर असेल तर लहान जागा आणि मागे चालणं. हाती लागल्यावर मूठभर हरभरे द्या, आधी नाही. मुळात धीट, पण आळशी असेल तर तोबरा पुरेल.

आणि एरवी जवळ येणारी घोडी फक्त कामाच्या दिवशी पळत असेल, तर यातलं काहीच करू नका. आधी खोगीर उलटं करून बघा. आमच्या खोगिराच्या गादीत शिवणीची गाठ वर आली होती. तिच्याखाली, पाठीवर डावीकडे, पाच रुपयांच्या नाण्याएवढा चट्टा होता. केस गेलेले, बोट लावलं की कातडी थरथरायची. मी पकडायला गेलो म्हणजे ती गाठ पाठीवर येणार, एवढं तिला पक्कं कळलं होतं. गादी नवी भरली, चट्टा बरा होईपर्यंत सवारी बंद ठेवली. त्या दिवसांत रोज पकडायचं, खरारा करायचा आणि तिथेच सोडून द्यायचं.

आता ती हाक मारली की बांधापर्यंत येते. खांद्यावर खोगीर दिसलं की मात्र अजून दहा पावलं मागे सरते आणि थांबते. तेवढी दहा पावलं मी चालतो.