माझी 'प्रॉपर्टी' १ जुलैला बंद होणार होती

देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत. वडील होते तोवर सगळा माल वाशीला जायचा. २०१८ साली मी एक साधी वेबसाइट करून घेतली आणि मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पेट्या पाठवायला लागलो. हंगामाला चार-पाचशे पेट्या, फार नाही. पण दलालाचं तोंड बघावं लागत नाही, हे सुख मोठं.

२०२३च्या फेब्रुवारीत मोहोरावर फवारणी चालू असताना पुण्याहून एका मुलीचा फोन आला. "सर, तुमची प्रॉपर्टी १ जुलैला बंद होणार आहे." कोकणातल्या माणसाला प्रॉपर्टी म्हटलं की आधी सातबारा आठवतो. पंप बंद करायला सांगून मी बांधावर बसलो. मग कळलं, ती गुगल ॲनालिटिक्सबद्दल बोलत होती. वेबसाइटवर किती माणसं आली, कुठून आली, काय बघून गेली, हे मोजणाऱ्या खात्याला प्रॉपर्टी म्हणतात.

ती जे बोलली त्यातलं निम्मं खरं होतं, आणि मी तिथेच फसलो. जुनं 'युनिव्हर्सल ॲनालिटिक्स' १ जुलै २०२३पासून नवी मोजणी थांबवणार होतं, त्याच्या जागी 'जीए फोर', म्हणजे गुगल ॲनालिटिक्स ४, येणार होतं. मी इंटरनेटवर शोधलं तर तारीख बरोबर निघाली. तारीख बरोबर म्हणून बाकीचंही बरोबर धरलं. बाकीचं म्हणजे: नव्यावर गेलं नाही तर साइट गुगलवर दिसणं बंद होईल, आधीची पाच वर्षांची माहिती आम्ही नव्या खात्यात हलवून देऊ, आणि या सगळ्याचे २८ हजार. पुढे महिन्याला साडेसात हजार, रिपोर्टचे.

आता सांगतो. जीए फोर फुकट आहे. ॲनालिटिक्स असलं-नसलं म्हणून गुगलवर साइट दिसायची थांबत नाही. जुनी माहिती जीए फोरमध्ये हलवताच येत नव्हती, दोन्हींची मोजायची पद्धतच वेगळी. आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्यासाठी मार्च २०२३पासून गुगल स्वतःच साधी जीए फोर प्रॉपर्टी तयार करून देत होतं. म्हणजे मी नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

दर महिन्याच्या पाच तारखेला पीडीएफ यायची. काय देखणी असायची! हिरवे बाण, सगळे वर. व्हिजिटर वर, एंगेजमेंट ९६ टक्के. ऑर्डरच्या वहीत मात्र आकडे होते तिथेच. विचारलं तर उत्तर तयार: "सर, अवेअरनेस वाढतोय, सेल नंतर येतो." जून-जुलैत, झाडावर एक आंबा नसताना, एप्रिलपेक्षा जास्त माणसं साइटवर आली, तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती. त्यांनी त्याला ऑफ-सीझन ब्रँडिंग म्हटलं आणि मी मान डोलावली. मधे 'युजर एक्सपिरियन्स ऑडिट' म्हणून आणखी १२ हजार घेतले आणि साइटवर व्हॉट्सॲपचा एक हिरवा गोळा बसवून दिला. या गोळ्याकडे पुढे येतो.

२०२४च्या गणपतीला भाचा आला. तो मुंबईत कॉम्प्युटरचं शिकतो. त्या लोकांनी मला नुसतं बघण्यापुरतं, 'व्ह्यूअर' म्हणून ठेवलं होतं, आणि मी ते कधी उघडलंही नव्हतं. आरती झाल्यावर पडवीत बसून त्याने लॅपटॉपवर शहरांची यादी काढली आणि विचारलं, "मामा, ह्या ॲशबर्न खंय इला?"

ॲशबर्न अमेरिकेत व्हर्जिनियात आहे. तिथे मोठमोठी डेटा सेंटरं आहेत. म्हणजे आमच्या आंब्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक यंत्रं होती. माणसाशिवाय आपोआप साइटवर फिरणाऱ्या अशा प्रोग्रॅमना बॉट म्हणतात. गुगल ओळखीचे बॉट गाळतं, पण सगळे गळत नाहीत. ते कुणी मुद्दाम आणून सोडले असा आरोप मी करत नाही, तसा पुरावा माझ्याजवळ नाही. पण त्यांना गिऱ्हाईक म्हणून माझ्यापुढे मांडलं गेलं, त्याचे अठरा कागद माझ्याकडे आहेत.

पुढे तो हसायलाच लागला. एंगेजमेंट ९६ टक्के आणि माणूस थांबण्याची सरासरी वेळ १ सेकंद! हे जमतं कसं? जीए फोरमध्ये भेट १० सेकंदांपेक्षा जास्त टिकली, किंवा आपण ठरवलेली महत्त्वाची कृती घडली, किंवा दोन पानं बघितली गेली, तर ती 'एंगेज्ड' धरतात. आमच्या साइटवर मोजणीचा कोड दोनदा चिकटवलेला होता, एकदा थीममध्ये, म्हणजे साइटच्या रूपाच्या साच्यात, आणि एकदा असे कोड बसवायच्या गुगलच्या टॅग मॅनेजरमधून. 'जी-'ने सुरू होणारा तोच नंबर दोन्हीकडे. त्यामुळे एक पान उघडलं तरी दोन मोजली जायची, आणि आला तो एंगेज्ड.

मी फोन करून जाब विचारला. संध्याकाळपर्यंत माझा व्ह्यूअरचा हक्कसुद्धा काढून घेतला होता. प्रॉपर्टी त्यांच्या ईमेलवर होती ना! कलमं आपली आणि सातबारा दुसऱ्याचा. नशिबाने भाच्याने पडद्याचे फोटो काढून ठेवले होते. मग आठवण झाली जुन्या खात्याची, २०१८पासूनच्या खऱ्या गिऱ्हाइकांच्या नोंदीची. ते माझ्याच नावावर होतं, पण १ जुलै २०२४पासून गुगलने ते उघडणंच बंद केलं होतं. दोन महिने उशीर झाला. आधी एक्सेलमध्ये उतरवून घेता आलं असतं. पण 'आम्ही हलवलंय' म्हटल्यावर कोण उतरवतो?

पैसे मोजले तर पावणेदोन लाख, जीएसटी वेगळा. पोलिसांत गेलो, तर बिलं रीतसर आहेत, हा व्यवहारातला वाद आहे म्हणाले. वकिलांचं म्हणणं, २०१९च्या ग्राहक कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा बसत नाही, मात्र पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला सूट आहे, लढता येईल. नोटीस पाठवली आहे.

आता तो हिरवा गोळा. नवी प्रॉपर्टी भाच्याने माझ्या ईमेलवर काढली, ॲडमिनिस्ट्रेटर मी. सविस्तर नोंदी मुळात दोनच महिने राहतात, ते सेटिंग १४ महिन्यांवर नेलं. जोडीला मायक्रोसॉफ्टचं 'क्लॅरिटी' बसवलं. तेही फुकट, येणाऱ्याचं बोट पडद्यावर कसं फिरलं ते दाखवतं. २०२५च्या मार्चमध्ये बुकिंग उघडलं आणि रात्री एक रेकॉर्डिंग बघितलं. मोबाइलवरचं कुणीतरी. दोन पेट्या निवडल्या, पत्ता भरला (लिहिलेलं आपल्याला दिसत नाही, झाकलेलं असतं), आणि 'पेटी मागवा' दाबायला गेलं. छोट्या पडद्यावर तो गोळा बरोबर बटणाच्या डोक्यावर बसलेला. दाबलं की व्हॉट्सॲप उघडायचं. परत यायचं, पुन्हा दाबायचं. मग कडेकडेने दाबून बघितलं. मी मोजलं, अकरा वेळा. मग पान बंद.

मला राहून राहून ते अकरा वेळा दाबणं दिसत होतं. आदल्या हंगामात असे किती आले आणि गेले असतील? गोळा त्याच रात्री काढून टाकला. पावणेदोन लाखांपेक्षा मला ते जास्त लागलं, खरं सांगतो.

गेल्या महिन्यात परत फोन, या वेळी एक मुलगा. "सर, गुगलने १२ मार्च २०२४पासून आयएनपी हा नवीन निकष आणलाय. तुमची साइट रेडमध्ये आहे." पुन्हा तारीख बरोबर! बटण दाबल्यावर साइट किती पटकन हलते ते आयएनपी मोजतो, २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगलं. पण हा आकडा खऱ्या माणसांच्या वापरातूनच निघतो. साइटचा वेग तपासणाऱ्या गुगलच्या पेजस्पीड इन्साइट्सवर आमच्या साइटचा पत्ता टाकला की खऱ्या वापराचा पुरेसा डेटा नाही असं येतं, कारण आमच्याकडे तेवढी माणसंच येत नाहीत. मी त्याला विचारलं, "बाबा रे, गुगलकडे जो आकडाच नाही, तो तुला लाल कुठे दिसला?"

"मॅनेजरशी बोलून फोन करतो सर," म्हणाला. अजून आलेला नाही.