जुना नकाशा कुठे शोधायचा? तीन डिजिटल संग्रह शेजारी ठेवून

एखादी नदी दीडशे वर्षांपूर्वी कुठून वाहत होती हे शोधणारा आणि भिंतीवर लावायला देखणा नकाशा हुडकणारा, दोघेही सुरुवातीला शोधपट्टीत एकच गोष्ट टाइप करतात: जागेचं नाव. तिथून पुढे त्यांनी वेगवेगळ्या दारी जायला हवं. तसं होत नाही, आणि चुकीच्या संग्रहात दोन-दोन संध्याकाळी निघून जातात. जुन्या नकाशांचे फार चांगले संग्रह आज कुणालाही फुकट खुले आहेत. त्यांतला सर्वांत मोठा कोणता, हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. आपल्याला नेमकं काय हवंय हे आधी ठरवावं, मग संग्रह निवडावा. माझ्या रोजच्या वापरातले तीन इथे शेजारी ठेवते.

पहिला, अमेरिकन नकाशा-संग्राहक डेव्हिड रम्झी यांचा संग्रह. रम्झी यांनी १९८०च्या दशकात नकाशे जमवायला सुरुवात केली आणि १९९९ मध्ये ते इंटरनेटवर खुले केले. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांच्या नावाचं नकाशा केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं. स्कॅन इतके बारीक आहेत की छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली एकेक रेघ सुटी दिसते. पण देखणेपणापेक्षा मला इथली एक सोय मोलाची वाटते: नकाशावर छापलेल्या अक्षरांत शोध घेता येतो. एरवी कुठल्याही सूचीत आपण शोधतो ते नकाशाचं शीर्षक, आणि लहानशा गावाचं नाव शीर्षकात कधीच नसतं. इथे यंत्राने नकाशावरची नावंच वाचून ठेवली आहेत. अर्थात यंत्र चुकतं. डोंगररांगेचं नाव अक्षरांमध्ये मोठी अंतरं ठेवून वाकडंतिकडं लिहिलेलं असलं की ते हमखास अडखळतं. म्हणून नावाची दोन-तीन जुनी स्पेलिंगं हाताशी ठेवावीत.

एकाच प्रदेशाचे वेगवेगळ्या सालांचे नकाशे ओळीने पाहायचे असतील तर मी इथेच येते. पश्चिम आफ्रिकेतले ‘काँग पर्वत’ हे त्याचं सर्वांत चांगलं उदाहरण. इंग्रज नकाशाकार जेम्स रेनेल यांनी १७९८ मध्ये ते नकाशावर काढले आणि पुढची जवळजवळ नव्वद वर्षं ते एका नकाशावरून दुसऱ्यावर उतरवले गेले. १८८०च्या दशकाअखेर फ्रेंच अधिकारी बिंगर तिथे प्रत्यक्ष पोचला, तेव्हा अशी रांगच नाही हे कळलं. यातला एकच नकाशा पाहणाऱ्याला चूक दिसणार नाही. दहा नकाशे ओळीने पाहिले की ती जन्मताना, पसरताना आणि पुसली जाताना दिसते.

दुसरा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा. त्यांच्याकडे पन्नास लाखांहून अधिक नकाशे आहेत. त्यांतला काही भागच ऑनलाइन आहे. ज्या नकाशावर ‘अमेरिका’ हे नाव पहिल्यांदा आलं, त्या जर्मन नकाशाकार वाल्डझेम्युलर यांच्या १५०७ च्या नकाशाची एकमेव शिल्लक प्रत त्यांनी २००३ मध्ये घेतली. तिचे बाराही कागद घरबसल्या न्याहाळता येतात. वापरायला हे संकेतस्थळ रम्झीइतकं सुखद नाही. मूळ टिफ फाइल शेकडो मेगाबाइटची असू शकते, ती उतरवायला वेळ लागतो. तरी कुणाला लेखात किंवा प्रबंधात नकाशा वापरायचा असेल तर मी निःशंकपणे हाच सुचवेन, कारण इथली नोंद. कर्ता कोण, साल छापलेलं आहे की अंदाजाने दिलेलं, कागदाचा आकार किती, संग्रह क्रमांक काय आणि प्रताधिकाराची स्थिती कशी, हे बहुतेक नकाशांबरोबर लिहिलेलं असतं. अमेरिकन शहरांच्या इमारतींवर काम करणाऱ्यांना तर दुसरीकडे जायचं कारणच नाही. सॅनबॉर्न कंपनीने आगीच्या विम्यासाठी काढलेले नकाशे इथे आहेत. त्यांत विटांचं बांधकाम गुलाबी आणि लाकडी पिवळं रंगवलेलं असतं.

तिसरा, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संग्रह. व्याप्ती मुख्यतः ब्रिटनपुरती, पण ‘तेव्हा इथे काय होतं’ या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. जुना सर्वेक्षण नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवून ठेवलेला असतो. पट्टी सरकवली की जुना थर पुसट होत जातो आणि खालून आजचे रस्ते वर येतात. दोन्ही नकाशे शेजारी उघडून एकाच कर्सरने फिरताही येतं. शिवाय स्वयंसेवकांनी सहा इंची (एका मैलाला सहा इंच या मापाच्या) नकाशांवरची पंचवीस लाखांहून अधिक नावं वाचून उतरवली आहेत, त्यामुळे एखाद्या विहिरीच्या नावानेही शोध लागतो. माणसांनी केलेलं हे काम यंत्राच्या वाचनापेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं.

असा थर पाहताना एक भान मात्र ठेवावं लागतं. जुना नकाशा आजच्यावर बसवायला तो ताणावा लागतो. नदी शंभर मीटर सरकलेली दिसली, तर ती नदी सरकली की ताणताना कागद सरकला, हे आधी तपासायचं. जवळचं एखादं जुनं, न हललेलं बांधकाम दोन्ही थरांत जुळतं का ते पाहा. रेखांशाचे आकडेही डोळे मिटून घेऊ नयेत. ग्रिनिच हे शून्य रेखावृत्त म्हणून १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ठरलं. त्याआधीच्या फ्रेंच नकाशांत मोजणी बहुधा पॅरिसपासून असते, आणि ते ग्रिनिचच्या सव्वादोन अंशांहून थोडं अधिक पूर्वेला आहे. मापाचंही तसंच. ‘एक इंच म्हणजे एक मैल’ हे कागदावर खरं. पडद्यावर झूम केल्यावर त्याला काही अर्थ उरत नाही. नकाशावर काढलेली मापपट्टीच धरावी.

नकाशाऐवजी कागदपत्रं आणि छापील ग्रंथ हवे असतील तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह गॅलिका किंवा इंटरनेट आर्काइव्ह हे खुलं ऑनलाइन ग्रंथालय पाहावं. दोन्हीकडे मजकुरात शोध घेता येतो. जुन्या इंग्रजी छपाईतला लांब ‘एस’ (ſ) ‘एफ’सारखा दिसतो, म्हणून यंत्र तो ‘एफ’ वाचतं, हे लक्षात ठेवून दोन्ही प्रकारे शोधावं. हस्तलिखितांसाठी या शोधावर विसंबू नये. तिथे सूची वाचून पानं उलटण्याला पर्याय नाही.

संग्रह कोणताही निवडा, प्रत स्वतःकडे ठेवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथली डिजिटल हस्तलिखितं दीर्घ काळ कुणालाच पाहता आली नाहीत. वर्षभराने इंटरनेट आर्काइव्हही काही दिवस बंद पडलं. नुसतं चित्र जपून भागत नाही, हे मी एका बंदराच्या नकाशावरून शिकले. घाईत फक्त जेपेग उतरवला, क्रमांक टिपला नाही. दोन वर्षांनी तो नकाशा पुन्हा शोधता आला नाही, म्हणून त्यावर आधारलेला परिच्छेद मला काढून टाकावा लागला. आता फाइलच्या नावातच संग्रह, क्रमांक आणि उतरवल्याची तारीख लिहिते.

वाचनालयात प्रत्यक्ष जायची गरज कधी पडते? कागदातलं जलचिन्ह (कागद बनवतानाच उमटवलेली खूण) उजेडासमोर धरल्यावरच दिसतं. बांधणीच्या घडीत गेलेली अक्षरं स्कॅनमध्ये येत नाहीत, आणि नकाशाची मागची बाजू तर कित्येकदा स्कॅनच केलेली नसते. मालकाची सही, हिशेब, पुढच्या माणसाने केलेली दुरुस्ती तिथेच सापडते. या तिन्हींपैकी कशावर तुमचा प्रश्न अडला असेल तर घरी बसून क्रमांकांची यादी तयार करा, ती आधी कळवा, आणि मागची बाजू पाहायची आहे हे त्याच पत्रात लिहा.