माणग्याच्या पट्ट्या आणि घरचा चॉपिंग बोर्ड

बाजारातून आणलेला बांबूचा बोर्ड दुसऱ्याच पावसाळ्यात सांध्यात उकलला. यंदा म्हटलं, घरीच करू. कुडाळच्या बाजूच्या एका कारागिराकडून माणगा या जातीच्या बांबूच्या रंधलेल्या पट्ट्या आणल्या. माणगा जवळजवळ भरीव असतो, त्यामुळे पट्टी चांगली जाड निघते. उकडून नीट वाळवलेल्या होत्या. बावीसपैकी दोन वाकड्या निघाल्या, त्या त्यांनी कुरकुर न करता बदलून दिल्या.

पट्ट्या कडेवर उभ्या लावल्या, अन्नाला चालणारा वॉटरप्रूफ गोंद भरला आणि क्लॅम्प लावून रात्रभर आवळून ठेवल्या. सांध्यांतून गोंदाचे बारीक मणी सगळीकडे एकसारखे फुटून आले, म्हणजे गोंद नीट पसरला होता, तेव्हा जीव भांड्यात पडला. मग 80, 120 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर. पाण्याचा हात फिरवला की तंतू उभे राहतात, ते वाळल्यावर पुन्हा घासायचे. हे टाळू नका. शेवटी फूड ग्रेड मिनरल ऑइल. शेंगदाण्याचं तेल लावाल तर पुढे खवट वास येईल.

चार महिने झाले, सांधा जागचा हलला नाही. विळी न सोडणारी आईसुद्धा भेंडी यावरच चिरते. फक्त गाठींपाशी बांबू फार कडक, तिथे सुरीची धार लवकर जाते. तरीही पट्ट्या पुन्हा त्यांच्याकडूनच घेईन.