वाळवीसाठी कोणाला बोलवावे: परवानाधारक संस्था की गावातला फवारणीवाला?

चोपड्याच्या मावसभावाच्या जुन्या धाब्याच्या घरात सागवानी चौकटीला वाळवी लागली असून, जळगावची परवानाधारक कीडनियंत्रण संस्था बोलवावी की गावातला फवारणीवाला, असा त्याला प्रश्न पडला आहे.

खर्चात फवारणीवाला निर्विवाद स्वस्त पडतो. मात्र तो बहुधा भिंतीवर दिसणारी मातीची नळीच भिजवतो. वारूळ जमिनीत शाबूत राहते आणि पुढे चौकट ठोकून पाहिली की पुन्हा पोकळ वाजते. संस्थेचा माणूस भिंत व फरशीच्या सांध्यालगत साधारण फुटाफुटावर छिद्रे पाडून औषध जमिनीत मुरवतो, त्यामुळे परिणाम अधिक टिकतो.

सुरक्षिततेचा मुद्दा मला सर्वांत मोठा वाटतो. कपाशीवरचे उरलेले औषध घरात मारणे हा आपल्याकडे सर्रास चालणारा आणि घातक प्रकार आहे. म्हणून १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील परवाना पाहावा, सीलबंद डबा आपल्यासमोर फोडायला लावावा आणि त्यावरचा विषारीपणा दाखवणारा त्रिकोण लाल, म्हणजे अतिविषारी, असल्यास काम तिथेच थांबवावे. हमीपत्रात वाळवी परतल्यास संस्थेने पुन्हा येण्याची अट लिहिलेली नसेल, तर तो कागद रद्दीच समजावा.

अंगणातल्या मुंग्यांसाठी ओळखीचा फवारणीवाला पुरे. चौकटी-तुळयांसाठी किंवा घरात लहान मूल असल्यास संस्थाच बोलवावी.