बरा: चावी घ्या, गाव उघडा

दक्षिण ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडहून उत्तरेला साधारण 160 किलोमीटरवर बरा (Burra) नावाचं तांब्याच्या खाणीचं जुनं गाव आहे. इथल्या पर्यटक केंद्रात पैसे भरून 'हेरिटेज पासपोर्ट' घेतला की हातात खरीखुरी चावी मिळते. कुलूपबंद जागा आपणच उघडायच्या, आपणच लावायच्या! पाठीशी घाई करणारा गाइड नाही, हे मला फार आवडलं.

ही नगाजुरी या मूळ रहिवासी लोकांची भूमी. 1845 मध्ये इथे तांबं सापडलं आणि उघड्या माळावर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे खाणकामगार येऊन थडकले. खाण कंपनीने कूरिंगा नावाची वस्ती वसवली, पण घरं पुरेनात, म्हणून लोकांनी ओढ्याच्या काठातच बिळं खोदून संसार थाटले. 1851 च्या सुमारास तिथे जवळपास 1,800 माणसं राहत होती. त्याच वर्षी ओढ्याला पूर आला. उरलेल्या घरांपैकी एकात वाकून शिरले. चुलीची जागा दिसते, भिंतीला हात लागतो. बाबा तर बाहेरच यायला तयार नव्हते.

इथला रेडरूथचा जुना तुरुंग ठीक आहे, बिअर बनवण्याच्या जुन्या कारखान्याची तळघरं मात्र चुकवू नका, उन्हात तेवढाच गारवा. खाण 1877 मध्ये बंद पडली. तिचा खड्डा आणि इंजिनघर पाहताना मी बराच वेळ कठड्याला टेकून होते.

फेरी 11 किलोमीटरची आहे, तेव्हा गाडी हवीच. टोपी आणि पाणीही. पावसाचा भरवसा संपतो ती गॉयडरची रेषा जवळूनच जाते. माझ्याकडून साडेचार तारे.